लुत्राकी : कॅसिनो सोडून बाकी सगळं

खडकवासी

"ग्रीसला गेलात आणि सान्तोरिनी नाही केलं?" गेल्या तीन आठवड्यांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर इथेच लिहून ठेवते, पुढच्याला नुसती लिंक देईन. नाही केलं. लेकीने सुट्टीचे सहा दिवस आमच्या हवाली केले होते, ते सगळे लुत्राकीत घालवले.

लुत्राकी अथेन्सच्या पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरवर आहे, कॉरिन्थच्या आखाताच्या पूर्वेच्या टोकाशी. पुढ्यात गोट्यांचा किनारा आणि पाठीशी गेरानिया डोंगर. उंची १३५१ मीटर, म्हणजे जवळपास राजगडाएवढी, पण हा समुद्रातूनच उठतो. नावातला 'लुत्रा' म्हणजे स्नान. गावात ३० अंशांच्या आसपासचे कोमट झरे आहेत. ग्रीक माणसाला लुत्राकी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, बाटलीतलं पाणी आणि कॅसिनो. पाणी प्यायलो. कॅसिनोत आमचे अहो जाऊन आले, वीस युरो देऊन आले, विषय संपला.

मी तिथे गेले ते जमीन बघायला. तीसेक वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. 'खचदरी' हा शब्द फळ्यावर लिहायचा, दोन बाजूंना दोन रेघा, मधला ठोकळा खाली, बाणाने दाखवायचं आणि उदाहरण म्हणून नर्मदा-तापी सांगून पुढे जायचं. पोरं लिहून घ्यायची. मीही त्यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. कॉरिन्थचं आखात ही खचदरीच आहे, फक्त तिच्यात समुद्र भरलाय आणि ती अजून उघडतेय. पश्चिमेकडे दोन्ही काठ वर्षाला एक ते दीड सेंटीमीटरने लांब जातात, पूर्वेकडे वेग कमी. तळ खचतोय आणि दक्षिणेचा काठ वर येतोय. लुत्राकीच्या आसपास तुम्ही जे जे बघायला जाता, देऊळ, कालवा, झरे, किल्ला, ते शेवटी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

पहिल्या दिवशी हेराइऑनला गेलो. पेराखोरा गावावरून पुढे, वूलियाग्मेनी नावाच्या सरोवराच्या कडेने रस्ता भूशिराच्या टोकाला जातो. (हे सरोवर पूर्वी बंद होतं. एकोणिसाव्या शतकात चर खणून ते समुद्राला जोडलं.) टोकावर दीपगृह आहे आणि त्याच्या खाली, कड्याच्या कुशीत, एक इवलंसं बंदर. इतकं लहान की चार होड्या लागल्या तर पाचवीने बाहेर थांबावं. तिथेच हेरा देवीचं देऊळ होतं. १९३० ते १९३३ या काळात हम्फ्री पेन यांनी इथे उत्खनन केलं. आता जोती, काटकोनात वळलेल्या ओसरीचे अवशेष आणि दोन्ही टोकांना गोलाकार असलेलं एक लांबट टाकं उरलंय. टाक्यात मधोमध खांबांची रांग. किल्लेवाल्या मंडळींना ते टाकं फार आवडेल.

मी मात्र देवळाकडे पाठ करून कड्याकडे बघत बसले. चुनखडीच्या कड्यावर, पाण्याच्या वर, आडव्या खाचा आहेत. जणू कुणी विळ्याने कापा मारलाय. एक नाही, एकावर एक तीन-चार, सगळ्यांत वरची आजच्या पाण्यापासून सुमारे तीन मीटरवर. शेजारच्या दगडाला बोटभर जाडीची भोकं, शेकड्यांनी. ही लिथोफागा नावाच्या शिंपल्याची घरं. हा प्राणी चुनखडी विरघळवत आत शिरतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. तो फक्त पाण्याखाली जगतो. म्हणजे माझ्या डोक्याच्या वर असलेलं ते भोक एकेकाळी समुद्रात होतं.

खाच कशी पडते, तर लाटा आणि दगड खरवडणारे जीव मिळून पाण्याच्या पातळीवर चुनखडी पोखरत राहतात. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळपास नाहीच, वीत-दीड वीत. त्यामुळे पोखरणं एकाच ओळीत होतं आणि रेघ स्पष्ट उमटते. मुंबईत चार-पाच मीटर पाणी वरखाली होतं, तिथे अशी रेघ उमटायला जागाच नाही. (शिवाय आपला काळा दगड असा विरघळतही नाही.) आता मुद्दा असा की जमीन सावकाश, रोज थोडी थोडी वर आली असती तर एकच रुंद ओबडधोबड पट्टा दिसला असता. इथे वेगवेगळ्या रेघा आहेत. जमीन बराच काळ स्वस्थ राहिली, मग एका झटक्यात वर उचलली गेली, पुन्हा स्वस्थ. प्रत्येक रेघ म्हणजे दोन धक्क्यांमधला निवांत काळ.

अहो म्हणाले, "हे बघायला आपण इतके पैसे खर्च केले?" मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी पिसियाला गेलो, त्याबद्दल खाली लिहिते. जेवायला बोलावलंय.

---

मुसाफिर७१

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! फोटो दिसत नाहीयेत.

---

खडकवासी

फोटो टाकलेच नाहीत अजून, कसे दिसतील. लेक आली की टाकायला सांगते.

तर पिसिया. पेराखोऱ्याच्या वर डोंगरात आहे. २४ फेब्रुवारी १९८१ ला रात्री अकराच्या सुमारास इथे ६.७ चा भूकंप झाला. काही तासांत दुसरा, ६.४ चा, आणि ४ मार्चला तिसरा, जवळपास तेवढाच. वीसेक माणसं गेली. अथेन्सपर्यंत इमारतींना तडे गेले, पार्थेनॉनलाही थोडी इजा झाली. पहिल्या दोन धक्क्यांत पिसिया आणि स्किनोसच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जमीन फाटली आणि एक बाजू खाली गेली. बहुतेक ठिकाणी अर्धा-पाऊण मीटर, काही ठिकाणी दीड मीटरपर्यंत.

ती जागा अजून दिसते. राखाडी चुनखडीचा उतार आणि त्याच्या तळाशी फिकट रंगाचा पट्टा, भिंतीला खालून चुन्याचा हात द्यावा तसा. वरचा दगड हजारो वर्षं उन्हापावसात राहून काळवंडलाय, खालचा १९८१ पर्यंत मातीत गाडलेला होता. जवळ जाऊन हात फिरवला तर गुळगुळीत, आणि त्यावर वरून खाली गेलेले ओरखडे. दोन ठोकळे एकमेकांवर घासत सरकले त्या दिशेचे ओरखडे. विद्यार्थ्यांना मी हे हातावर हात घासून दाखवायचे.

---

शंकासुर

ताई, लेख छान, पण एक शंका. (नावाला जागायला हवं.) जमीन वर आली असं तुम्ही म्हणता. समुद्रच खाली गेला नसेल कशावरून? खडकावरच्या रेघेला दोन्ही सारखंच.

---

खडकवासी

अगदी योग्य प्रश्न, आणि याचं उत्तर तिथेच पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे.

समुद्र खाली गेला असता तर सगळीकडे गेला असता. पाणी एका बाजूला उतरतं आणि शेजारी चढतं असं होत नाही. प्राचीन कॉरिन्थची दोन बंदरं होती. पश्चिमेच्या आखातावर लेखाइऑन आणि पूर्वेला सारोनिक आखातावर केन्ख्रेइ. केन्ख्रेइला आज गेलात तर रोमन काळातले बांध, इमारतींची जोती पाण्याखाली दिसतात. काठावर उभं राहून खाली वाकून बघायचं, माशांच्या मधून भिंती जातात. १९६० च्या दशकात तिथे पाण्याने भरलेल्या एका इमारतीत काचेच्या तुकड्यांनी चित्रं काढलेली तावदानं सापडली, पेट्यांमध्ये तशीच बांधलेली, लावायची राहून गेलेली.

म्हणजे एका बाजूला देवळाजवळचा कडा तीन मीटर वर, दुसऱ्या बाजूला बंदर पाण्याखाली. समुद्र एकच. हललीय ती जमीन, आणि तीही सगळीकडे सारखी नाही.

---

शंकासुर

मान्य. शस्त्रं खाली ठेवली आहेत.

---

दर्यावर्दी

मी २२ वर्षं बोटीवर काढली, बरीचशी ग्रीक मालकांच्या बोटींवर. पिरेअसला इतक्या वेळा गेलोय की तिथली चहाची (म्हणजे कॉफीची) टपरी मला ओळखते. पण कॉरिन्थचा कालवा बोटीतून कधी केला नाही, कारण आमची बोट त्यात मावतच नाही. कालवा पाण्याच्या पातळीला २५ मीटरच्या आत, तळाला २१ च्या आसपास, खोली ८ मीटर. आमचा बल्क कॅरियर ३२ मीटर रुंद. मग पेलोपोनीसला, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेच्या द्वीपकल्पाला, पूर्ण वळसा, केप मलेआवरून. जुन्या ग्रीक लोकांत म्हण होती म्हणे की मलेआला वळसा घालायचा तर घर विसरा. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की ती म्हण पटते. आमचा हर्णैचा एक बोसन (खलाशांचा मुकादम) तिथून जाताना दर वेळी नारळ सोडायचा.

२०१९ मध्ये मात्र एक प्रवासी जहाज, ब्रेमर, साडेबावीस मीटर रुंद, टगला बांधून त्या कालव्यातून नेलं होतं. व्हिडिओ बघून पोटात गोळा आला. दोन्ही बाजूंना हात लांब करून भिंतीला लावता येईल असं वाटत होतं.

कालव्याबद्दल लिहाच ताई.

---

खडकवासी

दर्यावर्दी, तुमच्यासाठी कालवा.

कॉरिन्थचं आणि सारोनिक ही दोन आखातं जोडणारा. लांबी सुमारे ६.३ किलोमीटर. १८८२ मध्ये सुरुवात, १८९३ मध्ये पूर्ण. इश्तवान ट्युर आणि बेला गेर्स्तर या दोन हंगेरियन माणसांनी मांडलेला बेत. पहिली कंपनी बुडाली, मग ग्रीक कंपनीने पुरा केला. पण कल्पना फार जुनी. इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास इथे दिओल्कोस नावाचा फरसबंद रस्ता केला होता, त्यावरून गाड्यावर घालून बोटी आणि माल एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात ओढून नेत. दगडात चाकोऱ्या आहेत. पश्चिमेच्या टोकाला थोडा दिसतो. कालव्यातल्या बोटींच्या लाटांनी त्याचा बराच भाग खाऊन टाकला होता, अलीकडे डागडुजी झालीय. एका खणलेल्या वाटेने दुसरी वाट खाल्ली म्हणायची.

इसवी सन ६७ मध्ये नीरोने स्वतः सोन्याच्या कुदळीने मुहूर्त केला. हजारो ज्यू युद्धकैदी कामाला लावले. पुढच्या वर्षी तो मेला आणि काम थांबलं. एकोणिसाव्या शतकात खणायला आले तेव्हा नीरोच्या माणसांनी चाचपणीसाठी खणलेले खड्डे सापडले, आणि नवा कालवा जवळपास त्याच रेषेवर गेला.

आता माझ्या कामाचं. पुलावर उभं राहून सगळे खाली हिरव्यानिळ्या पाण्याकडे आणि बंजी उडी मारणाऱ्यांकडे बघतात. तुम्ही भिंतींकडे बघा. सगळ्यांत उंच जागी पाण्यापासून वर ७९ मीटर. मातकट पांढरे, पिवळसर थर एकावर एक: चुनमिश्रित चिकणमाती, वाळू, गोट्यांचा पिंडाश्म. समुद्रात आणि किनाऱ्यावर साचलेले. आणि हे थर सलग नाहीत. चार पावलांवर थर तुटतो आणि खाली किंवा वर सरकून पुढे चालू होतो. प्रस्तरभंगांची अख्खी माळ आहे ती. मधला भाग सगळ्यांत उंच उचलला गेलाय, दोन्ही टोकांकडे ठोकळे पायरी-पायरीने खाली. आमच्या विषयाच्या पुस्तकात जी आकृती असते ती इथे कापून उभी ठेवलीय. एका जुन्या विद्यार्थ्याला तिथूनच फोन लावला. त्याच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. तरी लावला.

हीच रचना कालव्याच्या मुळावर आलीय. मऊ थर, त्यात भेगा, भेगांत पाणी, खालून बोटींच्या लाटांचा मार आणि भिंती जवळजवळ उभ्या. दरडी कोसळतच राहतात. १९२३ च्या दरडीने दोन वर्षं वाहतूक बंद पडली. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी मुद्दाम दरड पाडली, वर रेल्वेचे डबे ढकलले, तो मोकळा व्हायला १९४८ उजाडलं. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा मोठी दरड. त्यानंतर उन्हाळ्यापुरता उघडायचा, मग परत दुरुस्तीला बंद, असं चालू होतं.

आणि हा सगळा इस्थमॉस, म्हणजे संयोगभूमी, हजार वर्षांत साधारण ३० सेंटीमीटर या वेगाने वर येतेय. खोली जपायची तर गाळ तर काढायलाच हवा, आणि वर येणाऱ्या जमिनीशी झगडायचं ते वेगळंच. अर्थात हे हिशेब कंपनीच्या वहीत मावत नाहीत.

---

मुसाफिर७१

ते पाण्यात बुडणारे पूल खरंच आहेत का? कुणीतरी सांगितलं होतं, मला थापा वाटल्या.

---

खडकवासी

आहेत. दोन्ही टोकांना एकेक, इस्थमिया आणि पोसिदोनिया. उचलण्याऐवजी पूल खाली पाण्यात जातो, वरून होडी जाते, मग पूल वर. वर येताना त्याच्यावर कधीकधी मासे अडकलेले असतात. अहोंना अख्ख्या ट्रिपमध्ये हेच आवडलं. इस्थमियाच्या पुलापाशी कॉफी घेऊन दोन तास बसले होते.

---

किल्लेदार

ताई, टाक्याचा उल्लेख करून आमच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. कॉरिन्थचा डोंगरी किल्ला पाहिलात की नाही?

---

खडकवासी

आक्रोकॉरिन्थ. पाहिला, गुडघे अजून सांगतायत.

५७५ मीटरचा चुनखडीचा एकच सुळका, आसपास सगळं सपाट. खाली द्राक्षं, ऑलिव्ह आणि दोन्ही बाजूंना समुद्र. राखणारा माणूस दोन्ही आखातं आणि मधली अरुंद जमीन एका नजरेत बघतो. जागा कुणी निवडली असेल ते सांगायला नको. गाडी पश्चिमेच्या दरवाजापर्यंत जाते. मग एकामागून एक तीन दरवाजे, तीन तट. जसजसं आत जावं तसतसा काळ मागे जातो. पहिल्या दरवाजापुढे खंदक. तिसऱ्याच्या बुरुजात तळाला इसवी सनपूर्व चौथ्या शतकातले मोठे चिरे आणि वर बायझंटाइन, फ्रँक, व्हेनिसवाले, तुर्क अशी ज्याची त्याची ठिगळं. तुर्कांनी १४५८ मध्ये घेतला, व्हेनिसने १६८७ मध्ये परत घेतला, १७१५ मध्ये पुन्हा तुर्कांकडे. तुम्हाला हे गणित ओळखीचं वाटेल.

एक आख्यायिका खास तुमच्यासाठी. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला लेओन स्गुरोस नावाचा सरदार इथे फ्रँकांच्या वेढ्यात अडकला. हरणार हे दिसल्यावर त्याने घोड्यासकट कड्यावरून उडी टाकली असं सांगतात.

वर माथ्याजवळ पिरीनी नावाच्या झऱ्याचं वरचं पाणी आहे. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं, खाली थंड स्वच्छ पाणी. त्याची पुराणकथा अशी की नदीदेव आसोपोस आपल्या पळवलेल्या मुलीला शोधत होता. कॉरिन्थचा राजा सिसिफोसला ठाऊक होतं तिला झ्यूसने नेलंय. त्याने बदल्यात किल्ल्यावर पाणी मागितलं आणि मगच सांगितलं. पुढे शिक्षा म्हणून तो कायमचा दगड ढकलत बसला तो याच आणि अशाच चहाड्यांपायी. पण मला तरी त्याचं चुकलं असं वाटत नाही. ज्याला गडावर पाणी नाही त्याला विचारा.

---

किल्लेदार

पाण्यासाठी देवाशी वैर घेणारा किल्लेदार! याला आमच्या मंडळाचं मानद सभासदत्व.

वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

भूजलवाला

मी भूजल खात्यात होतो, म्हणून विचारतो. इतक्या कोरड्या भागात खालच्या प्राचीन शहराला पाणी कुठून पुरायचं? वरच्या झऱ्यावर तर भागणार नाही.

---

खडकवासी

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या सगळ्या खांबांपेक्षा जास्त आवडलं.

कॉरिन्थपासून डोंगराकडे बघितलं तर जमीन पायऱ्यांनी चढते. मोठ्या सपाट पायऱ्या, मधे उभे काठ. या प्रत्येक पायरीचा माथा एकेकाळी समुद्रकिनारा होता. समुद्राची पातळी हिमयुगांबरोबर वरखाली होत राहिली, जमीन मात्र वर येत राहिली, म्हणून प्रत्येक उंच पातळीचा किनारा मागच्यापेक्षा खाली कोरला गेला. यातला एक सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. आजचं कॉरिन्थ खालच्या पायरीवर, प्राचीन शहर वरच्या.

आता पायरीची घडण बघा. वर वाळू, पिंडाश्म, चुनाळ वाळूखडक यांचं झाकण, पाणी झिरपू देणारं. खाली चिकणमाती, पाणी अडवणारी. पाऊस झाकणातून झिरपतो, चिकणमातीवर अडतो आणि पायरीच्या काठाशी बाहेर येतो. खालच्या शहरातलं पिरीनीचं कारंजं नेमकं अशा काठावर बांधलंय. मागे चिकणमातीच्या माथ्याशी शेकडो मीटर बोगदे खोदून पाणी गोळा केलंय. आपल्याकडे मुरूम आणि अखंड काळ्या दगडाच्या सांध्यात झरा लागतो त्याचाच भाऊ.

आणि प्राचीन कॉरिन्थमधल्या अपोलोच्या देवळाचे उरलेले सात खांब (मुळात ३८ होते, इसवी सनपूर्व सहाव्या शतकातले) एकसंध दगडाचे आहेत, तोही याच भागातला सच्छिद्र चुनखडक. वरून गिलावा करून संगमरवरासारखा दाखवायचे.

---

भूजलवाला

व्वा. फाइलमध्ये लावून ठेवण्यासारखा प्रतिसाद.

अवांतर: लुत्राकीच्या बाटलीवर मॅग्नेशियम जास्त लिहिलेलं असतं, त्याचं कारण काय?

---

खडकवासी

गेरानियात नुसती चुनखडी नाही. जुन्या समुद्रतळाचे तुकडे, सर्पेंटाइनसारखे हिरवट खडक, वर ढकलले गेलेत. त्यांत मॅग्नेशियम भरपूर असतं. पाणी त्यांच्यातून फिरून येतं.

---

औसेकर

धागा वाचत होतो. लिहावं की नाही ठरत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांचा होतो. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. भूकंपाचे ओरखडे "गुळगुळीत" वगैरे वाचून थोडं वेगळं वाटलं, तक्रार नाही. एवढंच विचारायचं आहे की इतक्या वेळा हादरूनही लोक तिथेच का राहतात?

---

खडकवासी

औसेकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दगड बघताना माणसं विसरायची सवय आमच्या धंद्याला आहे, ते माझं चुकतं.

ते लोक एकदा हललेही. १८५८ च्या भूकंपात जुनं कॉरिन्थ पडलं, तेव्हा गाव उचलून समुद्रकाठी नेलं. १९२८ च्या एप्रिलमध्ये ते नवं गावही पडलं, लुत्राकीही पडलं. त्यानंतर मात्र गाव हलवलं नाही, बांधायची पद्धत बदलली. आज कॉरिन्थमध्ये सरळ रुंद रस्ते आणि बुटकी घरं दिसतात, बघायला काहीच नाही म्हणून पर्यटक नाकं मुरडतात. त्यामागे हे आहे. देशाचे भूकंपरोधक बांधकामाचे नियम १९५९ चे, १९८१ नंतर ते कडक केले.

आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या आजीबाई १९८१ ला तिथेच होत्या. पुढचे काही आठवडे सगळं गाव गाडीत आणि तंबूत झोपलं म्हणाल्या. मी विचारलं, नंतर भीती नाही वाटली? त्यांनी खिडकीतून समुद्राकडे हात केला आणि भाजी निवडायला लागल्या. मला त्याचा अर्थ नीट लागला नाही, म्हणून इथे लावत नाही.

---

औसेकर

आमच्याकडे गावं हलवली. नवीन घरांना तडे जात नाहीत, पण जुन्या गावच्या वेशीवरची यात्रा लोक अजून तिथेच भरवतात. धन्यवाद ताई.

---

पोटोबा

वातावरण जरा हलकं करतो. खाण्याचं काहीच नाही?

---

खडकवासी

आहे ना. केकवर घालतात त्या बारीक काळ्या बेदाण्यांना इंग्रजीत 'करंट' म्हणतात, तो शब्द कॉरिन्थवरूनच आलाय. या किनाऱ्यावरून ते बोटी भरभरून जायचे. एकोणिसाव्या शतकात ग्रीसची निर्यात बरीचशी त्याच्यावरच होती.

---

तासगावकर

बेदाण्याचा विषय निघाला आणि आम्ही गप्प बसू होय? त्यांचा काळा, बारीक, आंबटगोड. आमचा 'तास-ए-गणेश', हिरवा, लांबट, थॉम्पसनच्या वेलातून निवडलेला. चव आमची. बाकी त्यांचा समुद्र चांगला असेल.

---

पोटोबा

+१. आणि ते पाइनच्या डिंकाची वाइन?

---

खडकवासी

रेत्सिना. अहोंच्या शब्दांत, "टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं द्राक्ष". मला आवडली. गेरानियाच्या उतारांवर ज्या पाइनचं रान आहे त्याच जातीचा डिंक. मे २०२१ मध्ये स्किनोसला लागलेल्या वणव्यात त्यातलं बरंच जळलं. काळे खुंट अजून उभे आहेत आणि खाली गुडघाभर हिरवी रोपं.

---

दर्यावर्दी

ताई, लुत्राकीहून अथेन्सकडे येताना आगियी थिओदोरीच्या तेल शुद्धीकरण कारखान्याजवळ ज्वालामुखी आहे असं आमचा ग्रीक चीफ सांगायचा. तो बाकी बरंच काही सांगायचा, म्हणून विश्वास नाही ठेवला.

---

खडकवासी

या वेळी चीफ खरं बोलला. सूसाकी. सान्तोरिनी, मिलोस, मेथाना, निसिरोस या ज्वालामुखींची जी कमान आहे तिचं हे वायव्येचं टोक. उद्रेक फार जुने, पण पिवळे-पांढरे कुजके खडक, गंधकाचा वास आणि जमिनीतून येणारा वायू अजून आहे. तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, म्हणून खळग्यांत आणि गुहांत साचतो. मेलेले पक्षी दिसतात. लहान मुलांना घेऊन जाऊ नका आणि वाकून आत डोकावू नका.

म्हणजे बघा, सान्तोरिनी नाही केलं म्हणून ओरडणाऱ्यांना सांगायला एक उत्तर मिळालं: तिचा भाऊ बघून आलो.

---

कोकणकन्या

मी मार्चमध्ये अथेन्सला कॉन्फरन्सला जातेय, एक दिवस मोकळा आहे. गाडी चालवणार नाही. काय करू? (आमच्याकडे हरिहरेश्वरच्या बाजूला शंखशिंपल्यांचा घट्ट झालेला थर असतो, करळ म्हणतात. तसं काही तिथे दिसेल का?)

---

खडकवासी

करळ! किती दिवसांनी हा शब्द ऐकला. हो, लेखाइऑनच्या जुन्या बंदराजवळ किनाऱ्यावर वाळू-गोटे चुन्याने घट्ट झालेली फरशी दिसते, तिची मावसबहीण. आणि पेराखोऱ्याच्या बाजूला वूलियाग्मेनी सरोवराजवळ जमिनीवर चक्क प्रवाळाच्या जीवाश्म वसाहती आहेत, झुडपासारख्या, जशा वाढल्या तशाच उभ्या. उचलून आणू नका. मी आणलं नाही, आणि किती मोह झाला ते मलाच माहीत.

एका दिवसात: अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून बस. वाटेत इस्थमॉसला उतरून कालवा, अर्धा तास पुरे. लुत्राकीतून टॅक्सी ठरवा, हेराइऑन वीसेक किलोमीटर. येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवा. आमच्या टॅक्सीवाल्याने थांबायचे वेगळे लावले होते, ते परत आल्यावर कळलं. तिथे दुकान नाही, पाणी बरोबर घ्या. बूट चांगले घाला, चुनखडीची कड ब्लेडसारखी लागते. दुपारनंतर जा, ऊन तिरपं झालं की खाचांत सावली भरते आणि रेघा मोजता येतात. किल्ला त्या दिवशी सोडा.

---

कोकणकन्या

नोंद करून घेतली. रेघा मोजून इथे सांगते.

---

मुसाफिर७१

फोटो?

---

खडकवासी

लेक रविवारी येतेय.

---

शंकासुर

शेवटची शंका. अहोंनी ते वीस युरो कशावर लावले होते?

---

खडकवासी

लालवर. काळा आला.